लांब पत्ते आखूड करण्याची युक्ति व तिचा जपून उपयोग

हल्लीं शेतकऱ्याच्या कामाचा बराच भाग मोबाइलवर येणाऱ्या निळ्या ओळींवर येऊन ठेपला आहे. सातबाऱ्याचा उतारा, अनुदानाचा अर्ज, पीकविम्याची सूचना, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, कृषि विद्यापीठाची एखादी पत्रिका, यांपैकीं कोणतीही गोष्ट दुसऱ्यास कळवावयाची झाली म्हणजे तिचा इंटरनेटवरील पत्ता, ज्यास आपण बोलतांना 'लिंक' म्हणतों तो, पाठवावा लागतो. हा पत्ता कित्येकदां इतका लांब असतो कीं, तो हातानें उतरून घेणें कठीण, छापणें गैरसोयीचें, आणि संस्थेच्या फळ्यावर लिहिणें तर जवळ जवळ अशक्यच. म्हणून लांब पत्त्याच्या जागीं दहा-वीस अक्षरांचा आखूड पत्ता करून देणाऱ्या सेवा निघाल्या आहेत. त्यांचा उपयोग व्यापारी, बँका व संस्था सर्रास करितात. आणि त्याच सोयीचा आडोसा घेऊन लबाड लोकही शेतकऱ्याच्या खात्यावर हात मारूं लागले आहेत.

या विषयाकडे आमचें लक्ष एका लहानशा नुकसानीमुळें गेलें. माती-परीक्षणासाठीं नमुना कसा घ्यावा, याची सचित्र माहिती ज्या पानावर होती, त्याचा आखूड पत्ता एका फुकट सेवेकडून करून घेऊन आम्हीं तो हस्तपत्रकावर छापला. पत्रकें वांटून झालीं. पुढल्या वर्षीं एका सभासदानें जपून ठेवलेलें पत्रक काढून पत्ता उघडला, तों 'असें पान नाहीं' एवढेंच उत्तर आलें. मूळ पान जागच्या जागीं होतें. पण त्याचा लांब पत्ता आमच्यापैकीं कोणींही लिहून ठेवला नव्हता. तो शोधून काढीपर्यंत पहिला पाऊस झाला, रान ओलें झालें, आणि नमुना घेण्याचे दिवस निघून गेले. माहिती शाबूत होती, तिच्याकडे जाणारी वाट तेवढी मोडली होती. ही वाट कशी असते, ती कोणाच्या हातांत असते, व तिचा उपयोग करणाऱ्यानें कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखांत केला आहे.

पत्ता लांब कां होतो?

इंटरनेटवरील पत्त्याचे सामान्यतः तीन भाग पडतात. पहिला भाग स्थळाच्या नांवाचा; तो बहुधा लहान असतो. दुसरा भाग त्या स्थळांतील कपाट, खण व कागद यांचा, म्हणजे कोणत्या विभागांतील कोणतें पान हवें हें सांगणारा. तिसरा भाग प्रश्नचिन्हानंतरचा. त्यांत जिल्हा, तालुका, वर्ष, अर्जाचा क्रमांक असे तपशील असतात. आणि पुष्कळदां आपण कोणत्या जाहिरातीवरून किंवा कोणाच्या संदेशावरून तेथें आलों, याची नोंद ठेवण्यासाठीं मागाहून जोडलेलें एक शेपूटही असतें. तें शेपूट आपल्या कामाचें नसतें.

मराठी पत्त्यांस याखेरीज आणखी एक अडचण आहे. पत्ते लिहिण्याचे मूळ नियम रोमन अक्षरें, अंक व कांहीं थोडीं चिन्हें एवढ्यांनाच ओळखतात. पत्त्यांत देवनागरी शब्द आला कीं, त्यांतील प्रत्येक चिन्हाचे संगणक तीन बाइट करितो, व प्रत्येक बाइटासाठीं एक टक्क्याची खूण व तिच्यापुढें दोन अक्षरें किंवा अंक लिहितो. म्हणजे देवनागरीच्या एका चिन्हास नऊ जागा लागतात. 'शेतकरी' या शब्दांत श, त्यावरील मात्रा, त, क, र व शेवटची वेलांटी अशीं सहा चिन्हें आहेत. पत्त्यांत तीं ५४ जागा व्यापतात. 'कापूस' हा पांच चिन्हांचा शब्द ४५ जागा घेतो. मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाचा पत्ता उचलून संदेशांत चिकटविला म्हणजे अनेकदां टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब रांग उमटते, तिचें कारण हेंच होय.

लांबीचा प्रश्न केवळ दिसण्याचा नाहीं, पैशाचाही आहे. साध्या संदेशांत, म्हणजे एसएमएसमध्यें, १४० बाइट मावतात. रोमन लिपींत त्यांत १६० अक्षरें बसतात. परंतु मजकुरांत एकही देवनागरी चिन्ह आलें कीं सबंध संदेश दुसऱ्या पद्धतीनें बांधला जातो व मर्यादा ७० चिन्हांवर येते. मजकूर याहून मोठा झाल्यास त्याचे तुकडे पडतात. आणि तुकडे पुन्हां सांधण्याच्या खुणांस कांहीं जागा जात असल्यामुळें प्रत्येक तुकड्यांत ६७ चिन्हेंच मावतात. समजा, मोकळ्या जागा धरून ४८ चिन्हांची सूचना आहे व तिच्या अखेरीस ११० अक्षरांचा पत्ता आहे. एकूण १५८ चिन्हें झालीं, म्हणजे तीन तुकडे पडले. तोच पत्ता २२ अक्षरांचा केला तर बेरीज बरोबर ७० होते, व एका तुकड्यांत काम भागतें. घाऊक संदेशांचा आकार तुकड्यांवर घेतला जातो. त्यामुळें तीनशें सभासदांच्या संस्थेस ९०० तुकड्यांऐवजीं ३०० तुकड्यांचाच खर्च येतो.

आखूड पत्ता म्हणजे काय?

अशी सेवा म्हणजे एक मोठी खतावणी समजावी. तिच्या डाव्या रकान्यांत एक लहान खूण व उजव्या रकान्यांत आपण दिलेला लांब पत्ता लिहिलेला असतो. सभासदानें आखूड पत्त्यावर बोट ठेवलें म्हणजे त्याचा मोबाइल प्रथम त्या सेवेच्या संगणकाकडे जातो. सेवेचा संगणक खतावणी पाहून उत्तर देतो कीं, 'तुम्हांस हवी असलेली वस्तु येथें नाहीं, अमुक पत्त्यावर जा.' या उत्तरास ठराविक क्रमांक आहेत. ३०१ म्हणजे 'ठिकाण कायमचें बदललें आहे' व ३०२ म्हणजे 'तूर्त तेथें पाहा.' मोबाइल तें उत्तर वाचून मूळ पत्त्याकडे वळतो. हा सर्व व्यवहार डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होत असल्यामुळें मध्यें कोणीं वाट दाखविली, हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

एवढ्याशा खुणेंत इतके पत्ते कसे मावतात, अशी शंका कोणासही येईल. रोमन लिपींतील २६ लहान अक्षरें, २६ मोठीं अक्षरें व १० अंक मिळून ६२ चिन्हें होतात. चार जागांच्या खुणेंत त्यांपासून सुमारें १ कोटि ४७ लक्ष निरनिराळ्या खुणा होतात. पांच जागांत सुमारें ९१ कोटि ६१ लक्ष. आणि सहा जागांत सुमारें ५,६८० कोटि. म्हणून सहा-सात अक्षरांची खूण पुरेशी होते. यावरून एक व्यावहारिक गोष्टही निघते. पुष्कळ सेवांत मोठें अक्षर व लहान अक्षर हीं भिन्न धरलीं जात असल्यामुळें, फळ्यावर पत्ता उतरवितांना एका अक्षराचा आकार बदलला तरी वाट चुकते.

येथें मुख्य मुद्दा असा कीं, लांब पत्ता वास्तविक आखूड होतच नाहीं. तो होता तेवढाच व होता तेथेंच राहतो. आपण त्याकडे जाणारी एक जवळची वाट पाडतों, आणि ती वाट परक्याच्या शेतांतून जाते. वाटेचा हक्क व वाटेची मेहेरबानी यांतील भेद शेतकऱ्यास समजावून सांगावयास नको. बांधाच्या हद्दीवरून जाण्यायेण्याच्या हक्कासाठीं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ अन्वयें तहसीलदाराकडे अर्ज करितां येतो; वहिवाटीच्या वाटेंत कोणीं अडथळा केला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याचा आधार घेतां येतो. फुकट सेवेनें दिलेल्या वाटेस मात्र असा कोणताही आधार नाहीं. मालक म्हणेल तोंपर्यंत वाट चालू.

या सेवा कशा निघाल्या?

अशा सेवांपैकीं पहिली प्रसिद्ध सेवा 'टायनी-यूआरएल' ही होय. ती केव्हिन गिल्बर्टसन या अमेरिकन गृहस्थानें २००२ सालच्या जानेवारींत सुरू केली. हा एकचाकी सायकलीचा षोकी. त्या छंदाच्या मंडळींत एकमेकांचा मजकूर दाखवितांना पत्ते फार लांबलचक होत, म्हणून त्यानें ही युक्ति काढली. पुढें २००६ सालीं ट्विटर निघालें. त्यावर एका संदेशास १४० अक्षरांची मर्यादा होती. त्यामुळें आखूड पत्त्यांची मागणी एकदम वाढली. २००८ सालीं 'बिट डॉट एल-वाय' व २००९ सालच्या डिसेंबरांत गूगल कंपनीची 'गू डॉट जी-एल' या सेवा आल्या.

या सेवांचे फायदे खरे आहेत. तोंडी सांगण्यास, फळ्यावर लिहिण्यास व छापण्यास पत्ता सोपा होतो. किती जणांनीं तो उघडला, याची मोजदादही बहुतेक सेवा देतात. त्यामुळें सूचना पाठवूनही कोणीं वाचली नाहीं, हें संस्थेच्या चिटणिसास कळतें व मुदतीपूर्वीं पुन्हां आठवण करितां येते. बी-बियाण्यांच्या पिशव्यांवर व पत्रकांवर हल्लीं जी काळी-पांढरी चौकट, म्हणजे क्यूआर कोड, छापलेली असते, तिलाही आखूड पत्ता सोईचा पडतो. ही चौकट १९९४ सालीं जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनींत तयार झाली. तिच्या सर्वांत लहान आकारांत एका बाजूस २१ घरें असतात व सर्वांत मोठ्या आकारांत १७७. पत्ता जितका लांब, तितकीं घरें अधिक व बारीक. आणि हलक्या कागदावर किंवा गोणपाटावर बारीक घरांची शाई फुटली कीं मोबाइलास तीं वाचतां येत नाहींत. मात्र मोजदाद व सोय आपणांस मिळते तशीच, कोणीं, केव्हां व साधारण कोणत्या भागांतून पत्ता उघडला, ही माहिती सेवेच्या मालकाकडेही जाते, हें विसरूं नये.

पहिला धोका : वाट बंद पडणें

गूगलसारख्या बलाढ्य कंपनीची सेवा तरी कायम टिकेल, असें पुष्कळांस वाटत होतें. परंतु कंपनीनें ३० मार्च २०१८ रोजीं ही सेवा आंवरती घेण्याचें जाहीर केलें. १३ एप्रिल २०१८ पासून नव्या लोकांस, व ३० मार्च २०१९ पासून कोणासही, नवा पत्ता करून मिळेनासा झाला. जुने पत्ते मात्र चालत राहतील असें सांगण्यांत आलें होतें. पुढें २०२४ च्या जुलईंत असें जाहीर झालें कीं, जुने पत्तेही २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद होतील. अनेकांनीं तक्रार केल्यावर १ ऑगस्ट २०२५ रोजीं कंपनीनें निर्णयांत फेर केला, व जे पत्ते २०२४ च्या अखेरीस वापरांत नव्हते तेवढेच बंद करून बाकीचे राखण्याचें ठरविलें. यांत शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध निराळाच आहे. शेतीची माहिती वर्षांतून एकाच हंगामांत लागते. उन्हाळ्यांत उपयोगी पडणारा पत्ता वर्षाच्या अखेरीस कोण उघडणार? जो पत्ता रोज वापरांत नाहीं तो निरुपयोगी, हें शहरी गणित हंगामी कामास लागू पडत नाहीं.

वाट बंद होण्याचें कारण मालकाचा नफा-तोटा हेंच असतें असेंही नाहीं. पुष्कळ आखूड पत्त्यांच्या शेवटीं जीं दोन अक्षरें असतात, तीं एखाद्या देशाचीं असतात. 'एल-वाय' हीं लिबिया देशाचीं अक्षरें आहेत. २०१० सालच्या ऑक्टोबरांत 'व्ही-बी डॉट एल-वाय' ही अमेरिकेंतील दोघांनीं चालविलेली सेवा लिबियाच्या नोंदणी-कचेरीनें आपल्या देशाच्या कायद्याविरुद्ध ठरवून तिचें नांव काढून घेतलें, व त्या सेवेचे आखूड पत्ते निकामी झाले. ज्यांनीं ते पत्ते वापरले त्यांपैकीं कित्येकांस आपली वाट लिबियाच्या कायद्याखालून जाते, याची कल्पनाही नसेल.

तिसरा प्रकार वाट वळविण्याचा. २००९ सालच्या जूनांत 'क्लि डॉट जी-एस' या सेवेच्या खतावणींत परक्याचा शिरकाव झाला, व सुमारें २२ लक्ष आखूड पत्ते एकाच भलत्या पानाकडे वळविले गेले. खतावणी एकाच ठिकाणीं असली म्हणजे एका घावांत सर्वांचें नुकसान होतें तें असें.

दुसरा धोका : वाट कोठें जाते हें न दिसणें

लांब पत्ता बोजड असला तरी तो आपलें कूळ सांगतो. आखूड पत्ता तें झांकतो. भामट्यांस तोच गुण उपयोगी पडतो.

पंतप्रधान किसान सन्मान निधि ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू झाली. तींत पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठीं ६,००० रुपये, प्रत्येकीं २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांनीं, थेट बँक-खात्यांत मिळतात. 'आपला हप्ता अडकला आहे, खालील पत्त्यावर माहिती भरा', अशा मजकुराचे खोटे संदेश याच योजनेच्या नांवावर पुष्कळ फिरले आहेत. त्यांतील पत्ता उघडला कीं कांहीं वेळां मोबाइलांत एक फाइल उतरते. तिच्या नांवाच्या शेवटीं 'डॉट एपीके' असें असतें. ती बसविण्यास संमति दिली म्हणजे मोबाइलवर येणारे संदेश व बँकेचे एकवार वापरावयाचे अंक, म्हणजे ओटीपी, भामट्याच्या हातीं जाऊं शकतात. खात्यांतील पीककर्जाची किंवा विकलेल्या मालाची रक्कम त्यानंतर किती वेळ टिकणार?

म्हणून पत्ता उघडून पान दिसूं लागल्यावर वरच्या पट्टींतील मूळ पत्ता वाचण्याची संवय प्रत्येकानें लावून घ्यावी. वाचण्याची रीति सोपी आहे. सुरुवातीच्या दोन जोडरेघांपुढें जें नांव सुरू होतें, तें पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत घ्यावें, व शेवटाकडून वाचावें. भारतांतील सरकारी स्थळाच्या नांवाचा शेवट बहुधा 'गव्ह डॉट इन' असा असतो, व हा शेवट खासगी माणसास मिळत नाहीं. 'पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन' हें खरें स्थळ आहे. परंतु 'पीएमकिसान' व 'गव्ह' यांमध्यें टिंबाऐवजीं आडवी रेघ असली, किंवा 'गव्ह डॉट इन' च्या पुढें आणखी टिंब देऊन दुसरेंच नांव आलें, तर तें स्थळ सरकारी नव्हे. घराण्याचें नांव जसें शेवटीं येतें, तसेंच येथेंही समजावें. एकीच्या नांवापुढें दुसऱ्याच घराण्याचें नांव जोडलेलें दिसलें, तर माणूस ओळखीचा नाहीं हें उघड आहे.

सरकारनेंही या बाबतींत पाऊल टाकलें आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ऑगस्ट २०२४ मधील आदेशानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी एसएमएसांतून पूर्वीं नोंदविलेलेच पत्ते पाठविण्याची मुभा आहे. नोंद नसलेला पत्ता असलेला संदेश कंपन्यांनीं पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं. परंतु हा बंदोबस्त व्हॉट्सअपवरून येणाऱ्या संदेशांस लागू नाहीं, आणि गांवांतील बहुतेक संदेश तर तेथूनच फिरतात. ओळखीच्या माणसाकडून आला म्हणजे संदेश खरा, असेंही समजूं नये. त्यानें तो न वाचतां पुढें ढकललेला असूं शकतो, किंवा त्याचा मोबाइलच दुसऱ्याच्या ताब्यांत गेलेला असूं शकतो.

तिसरा धोका : आखूड पत्ता म्हणजे कुलूप नव्हे

आपण ज्यास पाठविला त्यावांचून हा पत्ता कोणास ठाऊक होणार, अशी एक भाबडी समजूत आहे. २०१६ सालीं न्यूयॉर्क येथील कॉर्नेल टेक संस्थेच्या दोघां संशोधकांनीं ती खोटी ठरविली. त्यांनीं पांच व सहा अक्षरांच्या खुणा संगणकाकडून चाळून पाहिल्या. त्यांत लोकांनीं आपल्या खासगी कागदांचे केलेले आखूड पत्ते हातीं लागले. कांहीं ठिकाणीं तर परक्यास त्या कप्प्यांत नवीन फाइल ठेवितांही येत होती. नकाशावरील आखूड पत्त्यांवरून कोण कोठून कोठें जावयास निघाला, हेंही कळत होतें. त्यानंतर गूगलनें नकाशाच्या पत्त्यांची खूण पांच अक्षरांवरून ११-१२ अक्षरांपर्यंत वाढविली. सभासदांची यादी, आधार-क्रमांक, खातें-क्रमांक किंवा कर्जाचे कागद कोणत्याही उघड्या पत्त्यानें पाठवूं नयेत. आखूड पत्त्यानें तर मुळींच नाहींत.

संस्थांनीं कोणती पद्धति ठेवावी?

१. प्रथम पत्ता आखूड करण्याची गरज आहे काय, हें पाहावें. पुष्कळदां प्रश्नचिन्हापासूनचें शेपूट छाटलें तरी पान उघडतें. छाटल्यावर पान बदललें किंवा उघडलें नाहीं, तर तें शेपूट कामाचें होतें असें समजून पूर्ववत् ठेवावें. व्हॉट्सअपवर पाठवितांना लांबीचा खर्च नसतो. तेथें मूळ पत्ता पाठविणेंच उत्तम.

२. आखूड पत्ता करावयाचाच झाल्यास सेवेच्या स्थळावर लांब पत्ता चिकटवावा, व सोय असेल तेथें खुणेऐवजीं समजण्याजोगा शब्द निवडावा. शब्द सर्व लहान रोमन अक्षरांत असावा. शून्य व 'ओ', तसेंच एकाचा अंक व लहान 'एल', हीं लिहितांना सारखीं दिसतात, तीं टाळावीं.

३. पत्रक छापण्यापूर्वीं पत्ता दुसऱ्याच्या मोबाइलवर, संस्थेबाहेरच्या माणसाकडून, उघडवून पाहावा.

४. संस्थेच्या दप्तरांत एक वही ठेवावी. तींत आखूड पत्ता, पूर्ण लांब पत्ता, केल्याची तारीख, करणाराचें नांव व पत्ता कोठें छापला, असे पांच रकाने असावेत. सेवेच्या खात्याची किल्ली एकट्या चिटणिसाच्या मोबाइलांत न राहतां संस्थेच्या ताब्यांत असावी. पदाधिकारी बदलले कीं वाट बंद, असें होतां कामा नये. ही एक वही असती तर आमचे माती-परीक्षणाचे दिवस वायां गेले नसते.

५. छापील मजकुरांत आखूड पत्त्यासोबत मूळ स्थळाचें नांव व पानाचा मथळा शब्दांत द्यावा. उदाहरणार्थ, 'अमुक कृषि विद्यापीठाच्या स्थळावरील माती-नमुना हें पान'. वाट मोडली तरी वाचक विचारीत विचारीत पोंचेल.

६. दरवर्षीं मृगापूर्वीं व रब्बीच्या पेरणीपूर्वीं वहींतील सर्व पत्ते एकेक करून उघडून पाहावेत. बांध-बंदिस्तीची पाहणी करितों, तशीच ही पाहणी समजावी.

७. शक्य असल्यास संस्थेनें स्वतःच्या नांवाचें स्थळ वार्षिक शुल्क भरून नोंदवावें, व त्या नांवापुढें तिरकी रेघ देऊन 'माती', 'विमा', 'भाव' असे शब्द रोमन अक्षरांत जोडून आपल्याच आखूड वाटा कराव्यात. अशा वाटेवर संस्थेचें नांव दिसतें, म्हणून सभासदास ती ओळखतां येते. आणि मूळ पान हललें तरी फक्त वळण बदलावें लागतें, छापलेलीं पत्रकें वायां जात नाहींत. मात्र शुल्काची मुदत चुकवूं नये. सोडलेलें नांव दुसरा कोणीही घेऊं शकतो, आणि मग आपल्याच पत्रकांवरचा पत्ता आपल्या सभासदांस त्याच्या दारांत नेऊन सोडील.

सभासदांनीं काय करावें?

पैशाशीं, खात्याशीं किंवा आधार-क्रमांकाशीं संबंध असलेलें काम संदेशांतील आखूड पत्त्यावरून कधींही करूं नये. त्या त्या कचेरीच्या स्थळाचें नांव स्वतः लिहून तेथें जावें, किंवा सेवा-केंद्रांत अथवा बँकेंत जाऊन विचारावें. पत्ता कोठें नेतो हें आधीं पाहावयाचें असेल तर 'बिट डॉट एल-वाय' च्या पत्त्यापुढें अधिकाची खूण जोडली असतां मूळ पत्ता दाखविण्याची सोय आहे. 'आजच भरा, नाहींतर हप्ता बंद' अशी घाई जेथें असेल तेथें थांबावें; खरी मुदत कृषि कार्यालयांत व वर्तमानपत्रांतही जाहीर होते. एपीके फाइल संदेशावरून बसवूं नये. इतकें करूनही फसगत झाली, तर लाजेनें दडवून न ठेवितां तत्काळ १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं ती गोठविण्याचा प्रयत्न करितां येतो, म्हणून येथें घटकेघटकेला महत्त्व आहे.

आखूड पत्ता ही टाकाऊ वस्तु आहे असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. फळ्यावर एका ओळींत मावणाऱ्या पत्त्यानें मुदतीच्या आंत दहा सभासदांचे अर्ज गेले, तर त्या युक्तीचें चीज झालें. सांगणें एवढेंच कीं, परक्याच्या शेतांतील जवळच्या वाटेनें खुशाल जावें, पण आपल्या शेताकडे जाणारा गाडीरस्ता कोठून आहे हें घरांतल्या प्रत्येकास ठाऊक असावें. ज्या संस्थांनीं अशी वही अद्याप घातली नसेल, त्यांनीं ती पुढील मासिक सभेपूर्वीं घालावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.